एक्केचाळीस नंबरचं नाव

"अठरा," मी म्हणालो.

खरे आटे सव्वीस होते. इंगवले मॅडमनी वहीत अठरा लिहिलं, पुढं तारीख टाकली आणि विचारलं, "आणि या व्हॉल्व्हचं नाव काय?"

पाणीपुरवठ्याच्या शेडमध्ये आम्ही सात जण बाकड्यांवर बसलो होतो. सातही जणांनी एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं. मी तेव्हा चौदा वर्षं नगरपालिकेची चावी फिरवत होतो आणि एवढ्या काळात एकाही साहेबानं आम्हाला व्हॉल्व्हचं नाव विचारलं नव्हतं. साहेब लोक नंबर विचारत. नंबर आम्हाला सांगता येत नसत, मग साहेब कपाळाला हात लावत आणि आम्ही अडाणी ठरत असू.

"नाव म्हंजे?" मी विचारलं.

"काल तुम्ही उस्मानभाईंना म्हणालात, सासूकडं जाऊन येतो. तुमची सासू अक्कलकोटला असते असं मला क्लार्कनं सांगितलं. मग ही सासू कोण?"

सगळे हसले. मीही हसलो आणि हसता हसता बोलून गेलो, "हीच ती मॅडम. तेली गल्लीच्या तोंडाची. लई ताठ हाय. दोघांनी चावी धरल्याबिगर हलत न्हाई."

मॅडमनी अठराच्या पुढं 'सासू' लिहिलं आणि पान उलटलं.

आता आमच्या धंद्याचं थोडं सांगतो. आमच्या गावाच्या पोटात पाण्याच्या पाइपांचं जाळं आहे आणि त्यावर त्रेसष्ट व्हॉल्व्ह. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, चार फुटांची चावी आत घालायची आणि फिरवायची. एक पुरा फेरा म्हणजे एक आटा. उजवीकडं फिरवलं की बंद, डावीकडं फिरवलं की चालू. कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे दिले की कुठल्या गल्लीत किती पाणी जातं, हे कागदावर कुठंच नव्हतं. ते आमच्या सात डोक्यांत होतं. सातांपैकी एकटे उस्मानचाचा कायम होते. बाकी आम्ही सहा रोजंदारीवर, म्हणजे आज आहे आणि उद्या नाही असे. डोक्यातलं कागदावर उतरलं की उद्या कुणी ठेकेदार येईल आणि वाटेल त्याच्या हातात चावी देईल, हे समजायला कॉलेजात जावं लागत नाही.

मॅडमच्या आधी इंजिनिअर म्हणून देशमाने साहेब होते. चार दिवसांतून एकदा, तेही कुणाकडं बदाबदा आणि कुणाकडं करंगळीएवढं येणारं पाणी सगळ्या गावाला एक दिवसाआड सारखं द्यायचं, असं त्यांनीही ठरवलं होतं. विचार वाईट नव्हता. पण त्यांनी भिंतीवर हुकूम चिकटवला, की आठ दिवसांत आटे लिहून न देणाऱ्यावर कारवाई होईल. आम्ही सात दिवसांतच लिहून दिले. सगळे खोटे. पंधरवड्यात निम्मं गाव कोरडं आणि निम्मं चिखलात. साहेबांची बदली झाली आणि त्यांनी काढलेला नकाशा उंदरांनी खाल्ला.

तोच डाव आम्ही मॅडमवर टाकणार होतो. पण त्या आमच्याबरोबर गल्ल्या हिंडायला लागल्या. वय तिशीच्या आत, आवाज हळू, आणि चावी फिरवायला अगदी कच्च्या. फिरवता फिरवता मध्येच मोजणं विसरायच्या. "किती झाले हो?" म्हणून विचारायच्या. चावी फिरत असताना आटे मनात मोजणं हा आमच्या हाडाचा धर्म. तोंडातून आपसूक निघून जाई, "एकोणीस." अशा रीतीनं सासूचे सव्वीस आटे माझ्याच तोंडून बाहेर आले. मॅडम मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. वहीतलं अठरा त्यांनी खोडलंही नाही. खाली नवी ओळ लिहिली: सासू, सव्वीस, माहिती: सि. ढोणे, आणि तारीख. त्या वहीत खाडाखोड म्हणून नव्हती. चूक झाली तर खाली नवी ओळ, पुढं नवी तारीख, हा त्यांचा नेम.

मग बाकीच्यांनाही चेव चढला. मामलेदार सांगून झाला; तो तेल घातल्याशिवाय हलत नसे. रडकी झाली, ती बारा महिने गळायची. दोघी जावा झाल्या. शेजारी शेजारी असून एक उघडली की दुसरीचं पाणी पळायचं. नाव सांगितलं की त्यामागची गोष्ट सांगावी लागे आणि गोष्टीत आटे येतच. मॅडम हसायच्या, लिहायच्या आणि सांगणाऱ्याचं नाव पुढं घालायच्या. भानुदास कोरे म्हणून आमच्यात एक भिडस्त माणूस होता, स्टेशनकडच्या बाजूला असायचा. साहेब समोर आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यानंही तीन नावं सांगितली आणि वहीत आपलं नाव कुठं आहे ते बोट ठेवून पाहून घेतलं.

मी मात्र एकदा विचारलंच. "मॅडम, हे समदं लिहून झाल्यावर आमचं काय?"

त्यांनी चावी फिरवायची थांबवली. "मला माहीत नाही, ढोणे. तुम्हाला कायम करणं माझ्या हातात नाही. करते म्हटलं तर ते खोटं होईल. आटा ज्यानं सांगितला त्याचं नाव कागदावर राहील, एवढं माझ्या हातात आहे."

असं उत्तर देणारा साहेब मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यापेक्षा चार थापा मारल्या असत्या तर बरं, असं त्या वेळी वाटलं. थाप मारणाऱ्याशी कसं वागायचं ते आम्हाला ठाऊक होतं.

उस्मानचाचांना मी हे सांगितलं. चाचांनीच मला हे काम शिकवलेलं. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष राहिलं होतं. ते तंबाखू मळत म्हणाले, "पोरगी चांगली हाय सिद्रामा. पण चांगली मानसं बदलून जात्यात आन कागद हितंच राहतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. समदं दे, एक्केचाळीस देऊ नको."

एक्केचाळीस नंबर जुन्या गिरणीच्या भिंतीलगत होता. तिथं मोठी लाइन फुटते. एक फाटा वर टेकडीवरच्या वस्तीत जातो, दुसरा खाली कोष्टी गल्लीत. हा व्हॉल्व्ह त्या खालच्या फाट्यावर. तो गिरणीच्या काळातला आणि उलट्या आट्याचा. म्हणजे सगळं जग उजवीकडं बंद होतं, तर हा उजवीकडं उघडायचा आणि डावीकडं बंद व्हायचा. हे फक्त चाचांना आणि मला ठाऊक होतं, कारण त्याला आम्हा दोघांशिवाय कुणी हात लावत नसे. त्यालाही नाव होतं. चाचांनीच ठेवलेलं.

"या एक्केचाळीसचं नाव काय?" मॅडमनी विचारलं.

"त्याला नाव न्हाई मॅडम."

"बासष्टांना नावं आहेत आणि यालाच नाही?"

"न्हाई."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं. वहीत त्यांनी लिहिलं: एक्केचाळीस. नाव नाही. आणि तारीख.

बारा फेब्रुवारीला, गुरुवारी सकाळी नऊला नवं वेळापत्रक सुरू व्हायचं होतं. पहिली पाळी टेकडीची. टेकडीवरच्या वस्तीत पाणी कधी धड चढलंच नव्हतं. आणि मी राहतो त्याच वस्तीत. सगळ्या गावाला पाणी सोडणाऱ्याची बायको खालच्या हापशावरून कळशा वाहायची. लग्नानंतर पहिली दोन वर्षं शेवंतानं त्यावरून मला टोमणे मारले, नंतर ती दमली.

मॅडमनी माणसं वाटून दिली. एक्केचाळीसवर भानुदास. मला म्हणाल्या, "ढोणे, तुम्ही वर. तुमच्या गल्लीचं पाणी तुमच्याच हातानं सोडा."

तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ उचललीही होती. पण चाचा समोर बसले होते, आणि माझा हिशेब असा होता, की टेकडीवर पाणी चढणार नाही, चार शिव्या पडतील, देशमाने साहेबांच्या वेळेसारखं सगळं गुंडाळलं जाईल आणि आमची मूठ झाकलेली राहील. घरच्यांची तहान काय, नेहमीचीच होती.

नऊला मी वरचा व्हॉल्व्ह उघडला. वस्तीतल्या पन्नासेक बायका हंडे-कळशा मांडून उभ्या होत्या. शेवंता पुढंच होती, घासून लखलखीत केलेली तांब्याची घागर घेऊन. नळानं आधी वारा सोडला, मग खाकरला, मग सुतासारखी धार आली. बायकांत एकदम गलका झाला. धार दोन मिनिटं टिकली आणि गेली.

"आलं आन गेलं?" शेवंता म्हणाली. मी झाकणाकडं बघत राहिलो. इथवर माझ्या हिशेबाप्रमाणं होतं.

मग फोन वाजला. कोष्टी गल्लीत पाइप फुटला होता.

हे माझ्या हिशेबात नव्हतं. भानुदासनं कागदावर लिहिल्याप्रमाणं एक्केचाळीस बंद करायला उजवीकडं फिरवला होता. म्हणजे सताड उघडला होता. टेकडी चढायला म्हणून पंपानं लावलेला सगळा जोर उतारानं खाली धावला आणि शंभर वर्षांच्या पाइपातून बाहेर आला. मी पळत खाली गेलो तेव्हा अंबूबाई दिवट्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. त्या घरात खड्ड्यात पाय सोडून बसायचा जुना माग होता. खड्डा काठोकाठ भरला होता आणि मागावर ताणलेलं लुगड्याचं सूत भिजून लोंबत होतं. अंबूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "सोळा वर्सं मागितलं तवा न्हाई आलं. आज न मागता घरात आलं बग."

मला त्यांच्याकडं पाहवेना.

तोवर मुख्याधिकारी जीपमधून उतरले. पँट घोट्यावर ओढून चिखलातून आले आणि पहिला प्रश्न, "कोणी फिरवला?"

भानुदास चावी छातीशी धरून उभा होता. त्यानं नुसता हात वर केला.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

मॅडम खड्ड्यातून पाणी उपसणाऱ्या बायकांच्या ओळीत होत्या. बादली खाली ठेवून पुढं आल्या. "साहेब, मी लिहून दिलं तसंच त्यांनी फिरवलं. चूक माझ्या कागदात आहे."

"कागदात म्हणजे कुठं?"

"शोधते. चार दिवस द्या. पुढच्या गुरुवारी परत करू."

"मला हे लेखी पाहिजे, इंगवले. आणि पुढच्या गुरुवारी असं झालं तर योजना बंद, हा माणूस घरी, आणि तुम्हाला नोटीस."

"लेखी देते," त्या म्हणाल्या, आणि परत बादलीकडं गेल्या.

सगळे त्यांच्याकडं बघत होते. मी भानुदासकडं बघत होतो. त्याला दोन मुली होत्या, थोरली बारावीला. हे मी सगळं जाणूनच गप्प बसलो, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही असं कुणी समजू नये. वाटलं. पण वाटणं आणि बोलणं यांत माझ्या तोंडाएवढं अंतर होतं, आणि ते त्या दिवशी पार झालं नाही.

रविवारी दुपारी भानुदास आमच्या घरी आला. पाणी दिलं तर प्याला नाही. भिंतीला टेकून बसला.

"सिद्रामा, उजवीकडं म्हंजे बंदच ना?"

"व्हय की."

"मी उजवीकडंच फिरवला. का डावीकडं फिरवला असंल? मला आता कायबी आठवंना. घरची तोटी सारखी फिरवून बगतो. उजवीकडं, डावीकडं. पोरी हसायल्यात. नळाला पाणी न्हाई तर बाबा तोटी कशाला फिरवायल्यात म्हंत्यात."

"तुजी चूक न्हाई भानुदास."

"मग कुणाची?"

मी त्याच्यापुढचं पाणी उचलून आत ठेवलं. तो थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

शेवंता चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुम्हाला ठाव हाय, व्हय?"

"काय?"

"ते कुणाची चूक हाय ते."

मी चप्पल घालून बाहेर निघालो. पाठीमागून तिचा आवाज आला, मोठा नव्हता. "त्या दिवशी मी घागर घासून आनली होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हंत्यात, ते आमच्याच घरी हाय, मला ठाव नव्हतं."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. एवढं टोचून ती कधी बोलली नव्हती. मी मारुतीच्या पारावर जाऊन बसलो आणि घरी उशिरा आलो तरी तिनं जेवायला वाढलं. ते जास्त जड गेलं.

सोमवारी सकाळी मॅडमनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. चहा मागवला. कारवाई, चौकशी असलं काही निघालं नाही. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार नटबोल्ट ठेवले आणि गुरुवारची माणसं वाटायला लागल्या. सासूवर दोघं. मामलेदारावर उस्मानभाई, तेलाची बाटली घेऊन. वर टेकडीला ढोणे.

"आणि एक्केचाळीसवर मी," त्या म्हणाल्या.

भानुदास दाराजवळ बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"तुम्ही, मॅडम?" चाचांनी विचारलं.

"हो. माझाच कागद आहे, मीच फिरवते. बंद करायचा आहे, म्हणजे उजवीकडं, अकरा आटे." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "बरोबर आहे ना?"

त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. त्यांचं बोट तेवढं एक्केचाळीसवर होतं. शेडमध्ये कुणी चहाचा घोटसुद्धा घेईना. मी चाचांकडं पाहिलं. चाचा जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, ही बाई गुरुवारी सगळ्या गावादेखत तो व्हॉल्व्ह उघडणार, कोष्टी गल्ली पुन्हा भिजणार, हिला नोटीस लागणार, भानुदास घरी बसणार, आणि मी वर टेकडीवर कोरड्या नळापाशी उभा राहून म्हणणार, की आमची मूठ झाकलेली आहे. त्या मुठीत आता होतं तरी काय?

"न्हाई मॅडम," मी म्हणालो. "डावीकडं."

त्यांनी मान वर केली. "डावीकडं?"

"उलटा आटा हाय त्यो. गिरनीच्या वक्ताचा. डावीकडं बंद हुतो. आन अकरा न्हाई, चौदा. अकराला अडतो, बंद झाला असं वाटतंय, पर झालेला नसतो. तितं जोर लावायचा न्हाई. अर्धा आटा मागं घ्यायचा आन मग पुढचे तीन."

बोलून झाल्यावर मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. भानुदासनं हातातला कप फरशीवर ठेवला. "चार दिस मी तोट्या फिरवायलोय," तो म्हणाला. दोघे-तिघे हसले. तो हसला नाही. उठून बाहेर गेला. पुढं महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मॅडमनी मला काही विचारलं नाही. इतके दिवस का लपवलं, आणखी कोणाला ठाऊक होतं, एक शब्द नाही. टेबलावरची वही ओढली, पान शोधलं आणि म्हणाल्या, "आणि नाव?"

नाव माझं नव्हतं. मी चाचांकडं पाहिलं. चाचांनी तंबाखूची पिचकारी दाराबाहेर टाकली, तोंड पुसलं, आणि मला वाटलं आता हे माझ्या सात पिढ्या काढणार.

"जावई," ते म्हणाले.

"जावई?"

"इकडं चल म्हनलं की तिकडं जातो. जोर केला तर अडून बसतो. जरा मागं सरायचं, मान द्यायचा, मग येतो वळनावर. मला तीन हायेत मॅडम, म्हनून नाव ठेवलं."

आता मात्र शेड हसली. मॅडमही हसल्या आणि त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. पानाच्या वरच्या भागावर त्यांनी तळहात ठेवला होता, पान उडू नये म्हणून असेल. पंखा चालू होता. "तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पेनानं, वाकड्यातिकड्या अक्षरात, त्यांच्या बोटांच्या खाली लिहिलं: जावई. १४. त्यापुढं तारीख त्यांनी मला सांगितली, सोळा फेब्रुवारी, तीही मीच घातली.

गुरुवारी एक्केचाळीसवर मॅडम उभ्या होत्या, पण चावी भानुदासच्या हातात होती. ती त्यांनीच त्याला दिली. मी वर होतो. नळानं वारा सोडला, खाकरला, आणि मग पाणी आलं. आलं ते दीड तास आलं. शेवंतानं घागर भरली आणि डोक्यावर घेताना मला म्हणाली, "जरा हात लावा." एवढंच. दोन दिवसांनी चाचा, मी आणि आणखी दोघं अंबूबाईंच्या घरी जाऊन मागाचा खड्डा नीट लिंपून आलो. भिजलेलं सूत काही आमच्यानं परत करता आलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या आधीच मॅडमची बदली झाली. चाचा म्हणाले होते तसंच. माणूस गेलं, कागद राहिला. ठेकेदारही आला, तीन वर्षांनी. त्यानं आमच्या सहापैकी चौघांना ठेवलं, दोघांना काढलं. मग आम्ही सहाही जण कोर्टात गेलो आणि पुष्कळ वर्षांनी कायम झालो. मॅडमनी त्यातलं काही कबूल केलं नव्हतं आणि त्यातलं काही त्यांनी केलंही नाही. पण कोर्टात आमच्या वकिलानं ती वही दाखवली होती, त्रेसष्ट व्हॉल्व्ह आणि त्यांपुढं आमची नावं, एवढं मात्र खरं.

मी ती वही पुन्हा हातात धरली ती निवृत्तीच्या वर्षी. नगरपालिकेनं सगळे व्हॉल्व्ह कॉम्प्युटरवर चढवायचं काम काढलं होतं, आणि क्लार्कला जुनं अक्षर लागेना म्हणून त्यानं मला शेजारी बसवलं. तो पान उलटायचा, मी वाचून दाखवायचो. सासू. मामलेदार. रडकी. दोघी जावा. मजेत चाललं होतं. मग एक्केचाळीसचं पान आलं.

वर पहिली ओळ होती: एक्केचाळीस. नाव नाही. सगळ्यात खाली माझं वाकडं अक्षर: जावई. १४. सोळा फेब्रुवारी. आणि या दोन्हींच्या मध्ये आणखी एक ओळ होती, जी मी कधीच पाहिली नव्हती. त्या दिवशी तिथंच मॅडमचा तळहात होता.

उलटा आटा. आज संध्याकाळी स्वतः फिरवून पाहिला. आटे ११? माहिती: सि. ढोणे. पुढं तारीख होती. बारा फेब्रुवारी.

मी ती ओळ दोनदा वाचली. पाइप फुटला तो गुरुवार, बारा तारखेचा. मी तोंड उघडलं सोमवारी. म्हणजे सोमवारी त्या उजवीकडं म्हणाल्या, तेव्हा तो डावा आहे हे त्यांना चार दिवसांपासून ठाऊक होतं. आणि मी सांगायच्या चार दिवस आधीच, सांगणारा म्हणून त्यांनी माझं नाव घालून ठेवलं होतं. मी बोललोच नसतो तर ती ओळ त्यांना खोडावी लागली असती, आणि त्या वहीत खाडाखोड कुठंच नव्हती.

"मामा, हे काय लिहिलंय?" क्लार्कनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "अक्षर कुणाचंय हे? लागतच नाही."

"माझं आहे," मी म्हटलं. "जावई. चौदा आटे, डावीकडं. आणि अकराला अडला तर जोर करायचा नाही, असंही लिही."